खानदेशातील वाहतूक खटल्यांची नोंद : कुठे शोधायची, कशी वाचायची

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत बहुतेकांची अडचण एकाच ठिकाणी होते. एकाच गुन्ह्याची नोंद तीन वेगवेगळ्या दप्तरांत असते. चलान पोलिसांकडे किंवा आरटीओकडे असते, खटला कोर्टात असतो आणि लायसन्स-आरसीवरचा शेरा परिवहन विभागाच्या संगणकात असतो. एका ठिकाणी मिटलेले प्रकरण दुसऱ्या ठिकाणी आपोआप मिटेलच असे नाही. त्यामुळे खालच्या प्रत्येक उत्तरात आधी हे पाहायचे आहे की आपण कोणत्या दप्तराबद्दल बोलतो आहोत.

चलान आले म्हणजे कोर्टात केस झाली का?

नाही. चलान हा अधिकाऱ्याने घेतलेला आक्षेप असतो, आणि ठरलेली रक्कम भरून तो तिथेच मिटवण्याची मुभाही त्यात असते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम २०० मध्ये याला तडजोड म्हटले आहे. तडजोडीची रक्कम भरली की त्या गुन्ह्यासाठी पुढची कारवाई होत नाही. कोर्टातली केस तेव्हाच होते, जेव्हा पोलीस किंवा आरटीओ कागद न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवतात आणि तिथे त्याला केस नंबर पडतो. केस नंबर नसेल, तर कोर्टात खेटे घालून काही हाती लागणार नाही.

सुरुवात कुठून करायची?

गाडीचे आरसी बुक आणि लायसन्स समोर ठेवा. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर यांचे शेवटचे अंक लागतात, आणि ते आठवणीने टाकू नयेत. मग याच क्रमाने पाहा.

आधी महाट्रॅफिकईचलान डॉट गव्ह डॉट इन. गाडी नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे ४ अंक टाकले की राज्यात कुठेही वाहतूक पोलिसांनी किंवा महामार्ग पोलिसांनी केलेली चलाने दिसतात. जळगावची गाडी पुण्यात सापडली तरी चलान इथेच दिसेल. महा ट्रॅफिक ॲपवरही तेच दिसते.

मग ईचलान डॉट परिवहन डॉट गव्ह डॉट इन. आरटीओच्या वायुवेग पथकाने, म्हणजे रस्त्यावर फिरून तपासणी करणाऱ्या पथकाने, केलेली चलाने आणि परराज्यातली बरीच चलाने इथे असतात. पहिल्या ठिकाणी शून्य दिसले म्हणून लोक निश्चिंत होतात आणि गाडी नावावर करताना हे दुसरे खाते उघडे पडते.

तिसरे ठिकाण व्हीकोर्ट्‌स डॉट गव्ह डॉट इन, म्हणजे व्हर्च्युअल कोर्ट. शेवटी ई-कोर्ट्‌स, जिथे आपल्या तालुक्याच्या कोर्टातली नोंद असते.

चलानावर काय काय तपासायचे?

फोटो आधी उघडा. पाटीवरचा नंबर एकेक अक्षर करून वाचा. एमएच १८ म्हणजे धुळे, एमएच १९ म्हणजे जळगाव, एमएच ३९ म्हणजे नंदुरबार. धुळ्याच्या आणि जळगावच्या नंबरात एकाच आकड्याचा फरक आहे, आणि मळलेल्या पाटीवर ८ आणि ९ यांची गल्लत होऊ शकते. फोटोत ट्रक आणि आरसी मोटरसायकलचे असेल, तर हरकत घ्यायला तेवढे पुरेसे आहे. त्यानंतर ठिकाण, वेळ, कलम आणि रक्कम पाहा.

कॅमेऱ्याने टिपलेल्या गुन्ह्यासाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१ मध्ये नियम १६७-अ आला. त्यानुसार घटनेपासून १५ दिवसांच्या आत नोटीस पाठवायची असते आणि चलान निकाली निघेपर्यंत फोटो किंवा चित्रण जपून ठेवायचे असते. हरकत घेताना हा नियम नावानिशी लिहा आणि चित्रण मागा.

हरकत आधी संकेतस्थळावरच्या तक्रार भागात नोंदवा, तक्रार क्रमांक उतरवून घ्या, आणि उत्तर येईपर्यंत रक्कम भरू नका. एकदा भरले की गुन्हा मान्य करून तडजोड केल्यासारखे होते. मग वाद उकरणे फार अवघड जाते.

व्हर्च्युअल कोर्टातून मेसेज आला आहे. तिथे काय करायचे?

राज्यातल्या वाहतूक चलानांसाठी व्हर्च्युअल कोर्ट ३१ ऑक्टोबर २०२० रोजी नागपुरात सुरू झाले. तिथे कुणाला हजर राहावे लागत नाही. संकेतस्थळावर आधी यादीतून राज्य आणि विभाग निवडायचा. पोलीस आणि परिवहन विभाग वेगळे असतात, आणि विभाग चुकला तर 'नोंद नाही' असेच दिसते. नंतर मोबाइल नंबर, सीएनआर नंबर (कोर्टातल्या प्रत्येक केसचा १६ अक्षर-अंकांचा नंबर), नाव, किंवा चलान अथवा गाडी नंबर यांपैकी एकाने शोधायचे.

प्रकरण उघडले की दंडाची रक्कम आणि दोन वाटा दिसतात. एक, दंड भरणे. भरला की प्रकरण तिथेच निकाली निघते. दोन, 'मला लढायचे आहे'. ही वाट निवडली की प्रकरण ज्या हद्दीत गुन्हा घडला तिथल्या नेहमीच्या कोर्टाकडे जाते आणि मग तारखा सुरू होतात. ही निवड सहज बोट लावण्यासारखी नाही. पुरावा हाताशी असेल तर जरूर लढा. पण नुसता वेळ काढायला दाबलेले हे बटण साक्रीच्या माणसाला धुळ्याच्या चार खेपा घालायला लावू शकते.

मोबाइल नंबरवर ओटीपी येतो. आरसीला जुना किंवा डीलरचा नंबर जोडलेला असेल तर काम अडते, म्हणून परिवहन विभागाच्या 'वाहन' पोर्टलवर आधी मोबाइल नंबर बदलून घ्या.

माझी केस कोणत्या कोर्टात असेल? राहतो तिथल्या की पकडले तिथल्या?

पकडले तिथल्या. फौजदारी खटला साधारणपणे गुन्हा घडला त्या हद्दीतल्या कोर्टात चालतो. चोपड्याचा माणूस धुळे शहरात अडवला गेला तर केस धुळ्याला.

बहुतेक तालुक्यांच्या ठिकाणी दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) व प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी यांचे कोर्ट आहे, आणि वाहतुकीचे किरकोळ खटले तिथेच चालतात. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्याच्या ठिकाणी मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांचे कोर्टही असते.

महामार्गावर गोंधळ वाढतो. सुरत-नागपूर मार्ग, म्हणजे आजचा राष्ट्रीय महामार्ग ५३ आणि बोलण्यातला जुना सहा नंबर, नवापूर, साक्री, धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ, मुक्ताईनगर असा अख्खा खानदेश ओलांडतो. केळी किंवा कापूस घेऊन निघालेल्या एकाच ट्रकवर एकाच दिवशी तीन चलाने झाली, तर ती तीन वेगळ्या कोर्टांत जाऊ शकतात. चलानावरचे ठिकाण आणि पोलीस ठाणे वाचल्याशिवाय कोर्ट ठरवू नका.

ई-कोर्ट्‌सवर केस कशी शोधायची?

सर्व्हिसेस डॉट ईकोर्ट्‌स डॉट गव्ह डॉट इन उघडा, किंवा ई-कोर्ट्‌सचे मोबाइल ॲप घ्या. सीएनआर नंबर असेल तर तो टाका आणि मोकळे व्हा. नसेल तर 'केस स्टेटस'मध्ये राज्य महाराष्ट्र, मग जिल्हा, मग कोर्ट संकुल निवडा. जळगाव जिल्हा निवडल्यावर अमळनेर, भुसावळ, चाळीसगाव अशी संकुले वेगवेगळी येतात. एका संकुलात शोधलेले दुसऱ्यात शोधले जात नाही.

पुढे चार मार्ग कामाचे आहेत : केस नंबर, पक्षकाराचे नाव, एफआयआर नंबर आणि वकिलाचे नाव. किरकोळ चलानाला एफआयआर नसतो, पण अपघात किंवा भरधाव गाडी चालवल्याचा गुन्हा असेल तर पोलीस ठाणे, गुन्हा रजिस्टर नंबर आणि वर्ष टाकून केस लवकर सापडते.

नावाने शोधताना किमान तीन अक्षरे आणि वर्ष द्यावे लागते. प्रलंबित, निकाली किंवा दोन्ही, अशी निवड असते. इथे 'दोन्ही' ठेवा. केस मिटलेली असताना फक्त प्रलंबितमध्ये शोधत बसणे, ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे.

नाव टाकले तरी काहीच सापडत नाही. का?

इंग्रजी स्पेलिंगमुळे. चौधरी, सोनवणे, महाजन, पाटील, वळवी, पावरा ही नावे इंग्रजीत प्रत्येक कारकून आपल्या परीने लिहितो. चौधरी तर चार-पाच तऱ्हांनी लिहिलेले आढळते. पूर्ण नाव टाकण्यापेक्षा आडनावाची पहिली चार अक्षरे टाका, मग फक्त स्वतःचे नाव, मग फक्त वडिलांचे. कुठे आडनाव आधी असते, कुठे शेवटी.

दुसरे कारण वर्षाचे. गुन्हा डिसेंबरात घडलेला असतो आणि केसला नंबर पुढच्या वर्षी पडतो, म्हणून पुढचे वर्षही पाहा. तिसरे कारण म्हणजे आरोपी तुम्ही नसून गाडीचा नोंदणीकृत मालक असतो, मग ते वडील असोत, भाऊ असो किंवा ज्याच्याकडून गाडी घेतली तो असो. त्याच्या नावाने शोधा. आणि चौथे, केस अजून कोर्टात दाखलच झालेली नसते.

सीएनआर नंबर म्हणजे काय?

प्रत्येक केसला देशभरात एकच असा १६ अक्षर-अंकांचा नंबर. पहिली दोन अक्षरे राज्याची, पुढची दोन जिल्ह्याची, मग दोन अंक कोर्टाचे, सहा अंक केसच्या क्रमाचे आणि शेवटचे चार वर्षाचे. शून्याच्या जागी इंग्रजी ओ टाकू नका, मधे जागा किंवा रेघ सोडू नका. इंटरनेट नसलेल्या गावातून साध्या फोनवर इंग्रजीत 'ईकोर्ट्‌स' हा शब्द, एक जागा आणि सीएनआर नंबर असा एसएमएस ९७६६८९९८९९ वर पाठवला की केसची स्थिती येते. धडगाव, अक्कलकुव्याकडे रेंज जेमतेम असते तिथे याचा खरा उपयोग.

केस नंबरच्या आधीची अक्षरे काय सांगतात?

एस.सी.सी. म्हणजे समरी, अर्थात संक्षिप्त फौजदारी खटला. वाहतुकीच्या बहुतेक केसेस यातच असतात. आर.सी.सी. म्हणजे नियमित फौजदारी खटला, जसे निष्काळजीपणे गाडी चालवून कुणाला जखमी केल्याचा. जप्त गाडी परत मिळवण्यासारखे अर्ज किरकोळ फौजदारी अर्जांत असतात, आणि अपघाताच्या भरपाईचा दावा एम.ए.सी.पी. या नावाने.

ही अक्षरे निवडताना चूक झाली तर आकडे बरोबर असूनही दुसऱ्याच कुणाची केस उघडते. केस उघडल्यावर आरोपीचे नाव आणि कलम जुळते का ते पाहूनच पुढे वाचा.

केसच्या पानावरचे शब्द कसे वाचायचे?

'समन्स' असा टप्पा दिसत असेल तर कोर्टाने बोलावणे काढले आहे, पण ते बजावल्याची नोंद अजून आलेली नाही. या टप्प्यावर स्वतःहून हजर झालेले सगळ्यात सोयीचे. 'प्ली' म्हणजे गुन्हा कबूल आहे की नाही हे विचारण्याची तारीख. 'एव्हिडन्स' म्हणजे पुरावा, इथे अडवणाऱ्या पोलिसाची साक्ष होते. 'बी.डब्ल्यू.' म्हणजे जामीनपात्र वॉरंट, 'एन.बी.डब्ल्यू.' म्हणजे अजामीनपात्र. हे शेवटचे दिसले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. वकील घेऊन हजर व्हा आणि वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्या.

निकाली केसपुढे निकालाचा प्रकार असतो. गुन्हा कबूल करून दंड झाला, निर्दोष सुटका झाली, की तडजोड झाली, हे तिथून कळते. पानावर 'केस डिस्पोज्ड' एवढेच पाहून आपण सुटलो असे धरू नका. दंड होऊन निकाली निघालेली केससुद्धा डिस्पोज्डच असते. तारखेचा दिवस दाबला की त्या दिवशी काय झाले याची छोटी नोंद उघडते. सविस्तर रोजनामा मात्र कोर्टाच्या फाइलमध्ये असतो.

ऑनलाइन जमत नाही. कोर्टात जाऊन कुणाला विचारायचे?

गाडी नंबर, आरोपीचे नाव, पोलीस ठाणे आणि घटनेची तारीख एका कागदावर लिहून न्या. वाहतुकीची केस असेल तर आधी त्या पोलीस ठाण्याच्या कोर्ट कामकाज पाहणाऱ्या अंमलदाराला विचारा. कोणत्या दिवशी किती केसेस कोर्टात पाठवल्या, याची वही त्यांच्याकडे असते. केस नंबर कळला की त्या कोर्टाच्या फौजदारी विभागात जा. कामकाज साधारण ११ वाजता सुरू होते. पुकारा चालू असताना बेंच क्लार्कला गाठण्यापेक्षा त्याआधी किंवा जेवणाच्या सुटीत भेटावे. त्या दिवशीचा बोर्ड, म्हणजे केसेसची यादी, कोर्टाबाहेर लावलेली असते आणि ई-कोर्ट्‌सवरही दिसते.

दंड ठोठावला गेला तर तो नाझर विभागात (कोर्टाच्या पैसे भरण्याच्या विभागात) किंवा कोर्ट सांगेल तिथे भरून पावती घ्यायची. पैसे कुणाच्या हातात देऊन घरी जायचे नाही. पावतीवर केस नंबर बरोबर आहे का ते खिडकीसमोरच तपासा. तो चुकला तर पुढे ती पावती कुणी मानत नाही.

समन्स आले, पण कामामुळे जाता येत नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम २०८ खाली, दंडापुरत्या गुन्ह्यांत कोर्टाला समन्सवरच दोन पर्याय लिहावे लागतात : स्वतः किंवा वकिलामार्फत हजर राहणे, नाहीतर ठरावीक तारखेआधी गुन्हा कबूल करून सांगितलेली रक्कम पाठवणे. मनिऑर्डरने पाठवत असाल तर कबुली मनिऑर्डरच्या कुपनावरच लिहायची, असेही कायद्यात आहे. तुरुंगवासाची तरतूद असलेल्या गुन्ह्यात हा पर्याय देणे कोर्टाच्या मर्जीवर आहे. समन्सची मागची बाजू वाचा, मजकूर बऱ्याचदा तिथेच असतो. समन्स घडी घालून कपाटात ठेवले की पुढची पायरी वॉरंटची.

निकालाची नक्कल कशी मिळवायची?

त्याच कोर्टाच्या नक्कल विभागात छापील अर्ज मिळतो. त्यात केसचा प्रकार, नंबर, वर्ष, दोन्ही पक्षांची नावे, निकालाची तारीख आणि नेमका कोणता कागद हवा ते लिहायचे. 'सगळे कागद' असे लिहिले की खर्च आणि दिवस दोन्ही वाढतात. दंडाच्या केसमध्ये निकाल किंवा आदेश आणि दंडाच्या पावतीची नोंद एवढे पुरते. अर्जाला कोर्ट फी तिकीट लागते, पानांचा खर्च वेगळा असतो. अर्जाचा क्रमांक लिहून घ्या, त्याशिवाय नंतर शोध लागत नाही.

ई-कोर्ट्‌सवरून उतरवलेला आदेश माहितीसाठी चालतो. नोकरी, विमा किंवा अपील यासाठी शिक्का असलेली प्रमाणित प्रतच लागते. तुरुंगवासाची शिक्षा झाली असेल तर निकालाची प्रत आरोपीला लगेच विनामूल्य द्यायची असते.

केस निकाली निघून बरीच वर्षे झाली असतील तर फाइल अभिलेख कक्षात गेलेली असते. संक्षिप्त खटल्यांचे कागद कायमचे ठेवले जात नाहीत. म्हणून नक्कल निकाल लागला त्याच महिन्यात काढून ठेवावी.

नक्कल मिळाली, पण ती जेमतेम अर्ध्या पानाची आहे. काही राहिले का?

राहिलेले नाही. संक्षिप्त खटल्यात न्यायदंडाधिकारी ठरावीक रकानेच भरतात : अनुक्रमांक, गुन्ह्याची तारीख, फिर्यादीची तारीख, फिर्यादीचे नाव, आरोपीचे नाव-वडील-पत्ता, गुन्हा, आरोपीचे म्हणणे, निष्कर्ष, शिक्षा आणि कामकाज संपल्याची तारीख. १ जुलै २०२४ पासून हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २८६ मध्ये आहे. त्याआधीच्या केसमध्ये फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम २६३ दिसेल. रकाने तेच आहेत. गुन्हा नाकबूल केला असेल तर पुराव्याचा सारांश आणि थोडक्यात कारणेही असतात. 'आरोपीचे म्हणणे' या रकान्यात काय लिहिले आहे ते आधी वाचा, पुढचे सगळे त्यावर ठरते.

कोर्टात 'कबूल' म्हटले तर पुढे काय परिणाम होतो?

तडजोड आणि कबुली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे नीट समजून घ्यावे अशी कळकळीची विनंती. कलम २०० खाली रक्कम भरली तर प्रकरण तिथेच संपते. कोर्टात गुन्हा कबूल करून दंड भरला तर तो दोषसिद्धीचा आदेश असतो. रक्कम ५०० असो वा ५,०००, कागदावर दोषी असेच लिहिले जाते. त्यावर अपीलही फक्त शिक्षेचे प्रमाण किंवा कायदेशीरपणा यापुरते करता येते. नेहमीच्या अपिलाची मुदत निकालापासून ३० दिवस असते आणि ते सत्र न्यायालयात जाते.

पोलीस भरती किंवा सरकारी नोकरीच्या साक्षांकन नमुन्यात 'खटला चालला आहे का, शिक्षा झाली आहे का' असे विचारतात. तिथे लपवू नका. अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितले की माहिती खरी द्यायला हवी, आणि गुन्हा क्षुल्लक असेल तर नियोक्त्याने त्याचा तसा विचार करावा. किरकोळ दंडाने नोकरी सहसा अडत नाही. तो लपवल्याने मात्र उमेदवारी धोक्यात येते.

दारू पिऊन गाडी चालवल्याची केस रस्त्यावरच मिटते का?

नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम १८५ हे तडजोडीच्या यादीत नाही. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळले की केस कोर्टातच जाते. पहिल्या गुन्ह्याला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दुसऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 'इथेच मिटवून टाकू' असे कुणी म्हटले तर त्या मिटवण्याची कुठेही नोंद होत नाही, आणि केस पुढे उभी राहू शकते.

लोकअदालतीची नोटीस आली आहे. जावे का?

जावे. राष्ट्रीय लोकअदालत जिल्ह्यात आणि तालुक्यात भरते, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि तालुका समिती ती घेतात. तिथे न भरलेली चलाने 'दाखलपूर्व' प्रकरणे म्हणून ठेवली जातात, म्हणजे कोर्टात केस होण्याआधीच. सूट मिळेलच असे गृहीत धरू नका, ती त्या वेळच्या धोरणावर अवलंबून असते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार लोकअदालतीचा निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. म्हणून चलानच चुकीचे असेल तर तिथे तडजोड करू नका, हरकत घ्या. तडजोड झाली की निवाड्याची प्रत आणि पावती हातात घेतल्याशिवाय उठू नका.

वकिलाचा खर्च परवडत नसेल तर १५१०० या विधी सेवेच्या मदत क्रमांकावर फोन करा. महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही. नंदुरबारच्या तळोदा, धडगाव, अक्कलकुवा भागातल्या आदिवासी बांधवांपर्यंत ही माहिती पोहोचायला हवी.

चलान जुने आहे. आता कोर्ट ते घेऊ शकते का?

फक्त दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल साधारण ६ महिन्यांत घ्यावी लागते. एक वर्षापर्यंत कैदेच्या गुन्ह्याला १ वर्ष, तीन वर्षांपर्यंतच्या गुन्ह्याला ३ वर्षे (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ५१४, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे ४६८). कारण पटले तर कोर्ट उशीर माफ करू शकते. पण ही मुदत कोर्टापुरती आहे. चलान आरटीओच्या संगणकात तसेच राहते आणि गाडी विकताना आडवे येते.

गाडी विकली, पण चलाने अजून माझ्याच नावावर येतात.

कारण आरसी अजून तुमच्या नावावर आहे. स्टॅम्प पेपरवर करार करून, चावी देऊन गाडी नावावरून उतरत नाही. फॉर्म २९ आणि ३० भरून हस्तांतरण आरटीओत नोंदवावे लागते. अपघात झाला तर भरपाईची जबाबदारीही नोंदणीकृत मालकावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार प्रकरणात स्पष्ट केले आहे. विक्रीचा करार, घेणाऱ्याचे ओळखपत्र आणि डिलिव्हरी दिल्याची तारीख-वेळ लिहिलेली पावती असेल तर हरकत घेताना ती जोडा. घेणारा टाळाटाळ करत असेल तर आरटीओला लेखी कळवून पोच घ्या.

गाडी जप्त झाली आहे. तिची नोंद कुठे सापडेल?

कोणी जप्त केली यावर आहे. वाहतूक पोलिसांनी किंवा आरटीओने मोटार वाहन कायद्याच्या कलम २०७ खाली अडकवली असेल तर कागदपत्रे दाखवून आणि दंड भरून ती तिथूनच सुटते. गुन्ह्यातला मुद्देमाल म्हणून पोलीस ठाण्यात असेल तर कोर्टात अर्ज करून सुपुर्दनाम्यावर (कोर्ट मागेल तेव्हा गाडी हजर करण्याच्या हमीवर) घ्यावी लागते.

गिरणा, तापी, पांझरेच्या पात्रातली वाळू वाहताना डंपर किंवा ट्रॅक्टर पकडला असेल तर ती फाइल बहुधा तहसील कार्यालयात असते. महसूल विभाग जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ च्या पोटकलम ७ आणि ८ खाली दंड करतो, आणि ती नोंद ई-कोर्ट्‌सवर नसते. सोबत पोलिसांत चोरीचा गुन्हा असेल तर कोर्टात दुसरी फाइल असते. एक मिटली म्हणून दुसरी मिटत नाही.

मुलगा अल्पवयीन आहे. त्याची केस ऑनलाइन दिसेल का?

मुलाची दिसणार नाही. ती बाल न्याय मंडळापुढे जाते आणि त्याची ओळख उघड करता येत नाही. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-अ खाली पालक किंवा गाडीमालकावर वेगळा खटला होतो : २५,००० रुपये दंड, ३ वर्षांपर्यंत कैद आणि गाडीची नोंदणी १२ महिने रद्द. मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही.

अपघाताच्या भरपाईसाठी कोणते कागद गोळा करायचे?

एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, वैद्यकीय कागद, गाडीचा विमा आणि चालकाचे लायसन्स. १ एप्रिल २०२२ पासून पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे द्यायचा आहे. त्याची प्रत मागा. त्याच तारखेपासून कायद्यात दाव्याला अपघातापासून ६ महिन्यांची मुदत आली. फौजदारी केसच्या निकालासाठी थांबू नका, दोन्ही स्वतंत्र चालतात. दाव्याच्या निकालावरचे अपील मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात जाते.

नवापूरहून सुरतला किंवा शिरपूरहून सेंधव्याला जाताना झालेले चलान कुठे पाहायचे?

महाराष्ट्राच्या संकेतस्थळावर ते नसते. परिवहनच्या ई-चलान संकेतस्थळावर पाहा आणि व्हर्च्युअल कोर्टात त्या राज्याचे नाव निवडून शोधा.

व्हॉट्सॲपवर चलानाची फाइल आली आहे. उघडू का?

नाही. 'एपीके' प्रकारची फाइल कोणताही विभाग पाठवत नाही. ती उघडली की फोनमधले ओटीपी चोरांच्या हाती जातात. खरे संकेतस्थळ 'गव्ह डॉट इन'ने संपते, आणि तेही मेसेजमधून न उघडता स्वतः टाइप करा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा.

चलानाबद्दलची माहिती माहिती अधिकारात मागता येते का?

पोलीस आणि आरटीओकडून येते. अर्जाला १० रुपये फी, उत्तर ३० दिवसांत. कॅमेऱ्याची तपासणी, नो-पार्किंगची अधिसूचना, वेगमर्यादेचा आदेश असे कागद नेमके नाव घालून मागा. कोर्टाच्या फाइलमधले कागद मात्र नक्कल अर्जानेच घ्यावे लागतात.

दंड भरला, तरी चलान 'अनपेड' दाखवते आणि आरटीओ गाडी नावावर करत नाही.

आधी बँक खाते पाहा. पैसे गेले आणि पावती आली नाही, तर दुसऱ्यांदा भरू नका. व्यवहार क्रमांक घेऊन संकेतस्थळावर तक्रार करा आणि काही दिवस थांबा. व्यवहार अर्धवट राहिला असेल तर रक्कम परत येते.

कोर्टात दंड भरला असेल तर ते पोलिसांच्या संकेतस्थळाला आपोआप कळेल या भरवशावर राहू नका. निकालाची प्रमाणित प्रत, नाझरची पावती आणि चलान क्रमांक घेऊन आधी चलान करणाऱ्या वाहतूक शाखेत जा आणि नोंद बंद करून घ्या. मग तेच कागद आरटीओत देऊन वाहन पोर्टलवरचा ब्लॅकलिस्टचा शेरा काढायला लेखी अर्ज करा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. चार-आठ दिवसांनी घरी बसून गाडी नंबर टाकून पुन्हा पाहा. शेरा गेलेला दिसला की त्या पानाचा फोटो काढून पावतीसोबत आरसीच्या पाकिटात ठेवा.